जागलीच्या पिल्लाला बूट नको, कोरडं तणस पायजे



धानाची कापणी आटोपली. आता हरभरा, लाखोरी, मिरचीची जागल सुरू. गावात कुत्र्याची पिल्लंही याच दिवसांत दिसतात. कुत्री पावसाळ्याच्या शेवटी फळते, पोटाशी ६३ दिवसांच्या आसपास राहते आणि नेमकी थंडीच्या तोंडावर व्याते. मग रानडुकरं, रोही हाकलाले कामी येईल म्हणून आपण दीड-दोन महिन्यांचं पिल्लू उचलतो आणि धुऱ्यावर खुंट्याला बांधतो. माझं म्हणणं साफ आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू थंडीत रात्री वावरात बांधू नये. ते भुंकून डुक्कर पळवत नाही, नुसतं कुडकुडत राहते.

मोबाईलवर आता पिल्लाला बूट घालायचे व्हिडिओ येऊन राहिले. ते बर्फाच्या देशातलं. तिकडे रस्त्यावर बर्फ वितळवाले मीठ टाकतात, त्यानं पंजे फाटतात. आपल्या गोंडपिपरीत बर्फही नाही अन् ते मीठही नाही. शिवाय मोठ्या कुत्र्याचे पंजे तसे दमदार राहतात. पंजातल्या रक्ताच्या नळ्या जवळजवळ असतात, खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला तापवते. जपानच्या संशोधकांनी २०११ साली हे दाखवून दिलं. पण पिल्लाचं अंगच लहान, चरबी नाही, केस पातळ. त्याची ऊब लवकर निघून जाते. आणि आपल्याकडची थंडी काही खोटी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशावर आला होता, आठवत असेल.

आपल्याकडे पायाचा खरा वैरी ओल आहे. पहाटेच्या दवात पिल्लू हरभऱ्यातून फिरते. हरभऱ्याची आंब आपल्याच हातापायाच्या भेगांना कशी झोंबते ते तोडणाऱ्या बायांना विचारा. पिल्लू तेच पाय चाटत बसते. बांधीतली धानाची धसकटं कोवळ्या गादीत घुसतात. आणि सगळ्यात वाईट कुसळ. बोटांच्या मधात शिरलं की आत आत सरकते, गाठ येते, पू होतो. पिल्लू लंगडलं की लोक म्हणतात थंडी भरली. अगोदर बोटं फाकवून पाहा ना बाप्पा!

शेकोटीचंही तसंच. रात्री माणूस झोपला की पिल्लू राखेत जाऊन निजते. वरून राख थंड, खाली निखारा. पंजे पोळतात ते असे. झोपायच्या आधी राखेवर पाणी मारा.

अंथरायला बरेच जण युरियाचं रिकामं पोतं टाकतात. ते ऊब धरत नाही, दवानं ओलं झालं की ओलंच राहते, आणि आत चिकटलेला युरिया पिल्लू चाटते.  त्यापेक्षा फुटकं टोपलं किंवा लाकडी खोका घ्या, जमिनीपासून दोन विटा वर ठेवा, आत वीतभर कोरडं तणस भरा. ओलं झालं की बदला. आपल्याकडे तणसाला तोटा नाही. संध्याकाळी चारही पाय जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसा, बोटांच्या मधातूनही. गादी फाटली असेल तर खोबरेल तेलाचा बारीक हात, बस. गाडीचं जळालं ऑइल लावू नका. खाजेवर लावतात तेही नको. पिल्लू ते चाटते अन् पोटात विष जाते.

पाय वाकडे होत असतील तर ती थंडी नाही, बहुतेक खाण्याची कमी आहे. नुसत्या भातावर अन् पेजेवर पिल्लाची हाडं बनत नाहीत. उन्हात बसवलं की होईल असंही नाही, कारण कुत्र्याच्या कातडीत माणसासारखं उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. ते अन्नातूनच जावं लागते. उकडलेलं अंडं, बिनकाट्याची मासळी देत जा आणि कॅल्शियमचं प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. माणसाच्या दुखण्याची गोळी मात्र देऊ नका.

एखादं पिल्लू गारठून सुन्न पडलं तर पहिले दूध पाजायची घाई नको. कोरडं करा, घोंगड्यात घेऊन अंगाशी धरा, हळूहळू ऊब येऊ द्या, मग पाजा. आगीवर धरू नका.

आणि बिबट्याचं तर सांगायलाच नको. आपल्या जंगलपट्ट्यात धुऱ्यावर बांधलेलं पिल्लू म्हणजे त्याला आवतणच. बिबट एकदा कुत्र्याच्या मागे वावरात आला की मचानीवरच्या माणसाचीही रात्र धोक्याची. म्हणून यंदाचं पिल्लू यंदा घरच्या पडवीत राहू द्या, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या. जागलीला ते पुढच्या धानाला येईल.