पशुखाद्यातील प्रोबायोटिक जिवाणू: पाकिटावर काय वाचावे, काय विचारावे?

पार्श्वभूमी
खाद्यासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या आणि पशुखाद्य पूरके यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाचे उत्पादन व विक्री केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये बंद केली. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळणे 1 जानेवारी 2006 पासूनच थांबवले होते. त्यांना पर्याय म्हणून प्रोबायोटिक भुकटी विकली जाते. मात्र पर्याय म्हणजे आपोआप सुरक्षित, असे नाही.

कावेरी त्रिभुज प्रदेशात हे महत्त्वाचे का?
तंजावर परिसरात जनावरांचा मोठा आधार भाताचा पेंढा. त्यात प्रथिने कमी आणि सिलिका जास्त, त्यामुळे पचन सुधारणाऱ्या भुकटीकडे पशुपालक वळतात. शेण पुन्हा भातखाचरात जाते आणि तेथून पाण्याबरोबर पुढच्या शेतात. म्हणजे खाद्यातील जिवाणू गोठ्यापुरता राहत नाही.

नेमका धोका कोणता?
जिवाणू जिवंत असतो. त्याच्याजवळ प्रतिजैविकाला दाद न देणारे, दुसऱ्या जिवाणूकडे जाऊ शकणारे जनुक असेल, तर ते आतड्यातील रोगजंतूला मिळू शकते. मग जनावर आजारी पडल्यावर औषध लागू पडत नाही. युरोपात अनेक वर्षे वापरात असलेल्या ‘बॅसिलस सेरियस प्रकार टोयोई’ या जिवाणूची परवानगी 2013 मध्ये याच चिंतेतून स्थगित झाली.

सुरक्षितता कशी तपासतात?
• केवळ जात नव्हे, नेमका स्ट्रेन जनुकक्रमावरून ओळखला जातो.
• प्रतिजैविकरोधक आणि विष तयार करणारी जनुके शोधली जातात.
• ज्या जनावरासाठी उत्पादन आहे, त्याच्यावर जादा मात्रेची चाचणी होते.
• भुकटी हाताळणाऱ्यांच्या श्वसनाला व त्वचेला त्रास होतो का, हे पाहिले जाते.

भारतात काय आहे?
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2011 ची प्रोबायोटिक मार्गदर्शक तत्त्वे माणसाच्या अन्नासाठी आहेत. गुरांच्या मिश्र खाद्याचे मानक आयएस 2052 मुख्यतः पोषणघटक आणि अफ्लाटॉक्सिनसारखे दोष पाहते. त्यामुळे पोत्यावर आयएसआय चिन्ह आहे, म्हणून आतल्या जिवाणूची जनुकीय तपासणी झाली असे समजू नये.

पशुपालकांनी काय करावे?
1. पाकिटावर स्ट्रेनचे पूर्ण नाव व क्रमांक, प्रति ग्रॅम जिवंत जिवाणूंची संख्या, बॅच, मुदत आणि साठवणीचे तापमान पाहा. फक्त ‘उपयुक्त जिवाणू’ लिहिले असेल तर खरेदी टाळा.
2. विक्रेत्याकडे प्रतिजैविकरोधक तपासणीचा अहवाल मागा.
3. दमट हवेत उघडे पाकीट ठेवू नका. मेलेल्या जिवाणूंसाठी पैसे जातात.
4. आजारी जनावराला भुकटीच्या भरवशावर ठेवू नका. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर संपर्क करा. खाद्याबाबतचा सल्ला ओरत्तनाडू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल.

योजनेचा आधार
पेंढ्याची उणीव आधी हिरवा चारा व मुरघासाने भरून काढणे श्रेयस्कर. राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास, चारा ठोकळे व संपूर्ण मिश्र आहार निर्मिती प्रकल्पांना 50 टक्के भांडवली अनुदान, कमाल 50 लाख रुपयांपर्यंत, मिळू शकते. एकट्याला न पेलणारा असा प्रकल्प गावातील शेतकरी उत्पादक कंपनी किंवा बचत गट हाती घेऊ शकतो.