यंत्राने मोजावे कोणाला?

मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीवर ‘बुद्धिमान प्रणाली’चा उतारा सुचवला जात आहे. चौकाचौकांत कॅमेरे, रहदारी पाहून आपली वेळ आपणच बदलणारे सिग्नल आणि साऱ्या प्रदेशाचे चित्र एका पडद्यावर दाखवणारे नियंत्रण कक्ष, असे तिचे स्वरूप आहे. यंत्राला विरोध करण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. मात्र यंत्राची बुद्धी ही ते बसवणाऱ्याची बुद्धी असते. म्हणून प्रश्न असा की, हे यंत्र मोजणार कोणाला?

स्वयंचलित सिग्नलचे गणित साधे आहे. ज्या बाजूला वाहनांची रांग मोठी, त्या बाजूला हिरवा दिवा अधिक वेळ. या हिशेबात एकटा मालक बसलेल्या तीन मोटारी पन्नास प्रवाशांच्या एका बसपेक्षा भारी ठरतात. रस्ता ओलांडू पाहणारा पादचारी तर हिशेबातच येत नाही. 2008 साली पूर्ण झालेल्या प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासाने दाखवून दिले होते की, दररोजच्या एकूण फेऱ्यांपैकी जवळपास निम्म्या पायी होतात आणि उरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांच्या आसपास लोकल व बसने. म्हणजे वाहने मोजणारी प्रणाली बहुसंख्यांना वगळूनच आपल्या कामाला लागते.

खरी बुद्धी हवी आहे ती लोहमार्गावर. आधुनिक सिग्नल यंत्रणेने दोन गाड्यांमधील अंतर सुरक्षितपणे कमी करता येते, त्याच रुळांवरून अधिक गाड्या धावू शकतात. केंद्राने 2019 साली मंजूर केलेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या 3-अ टप्प्यात अशा यंत्रणेचा समावेश होता. त्यानंतर सहा वर्षांनी, 9 जून 2025 रोजी, मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली कोसळले व त्यांतील किमान चौघे प्राणांस मुकले. दरम्यान 2024 साली अटल सेतू आणि सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा मोटारींसाठी खुले झाले. दोन्हींवर दुचाकींना आणि रिक्षांना मज्जाव आहे. अग्रक्रम कोणाचे, हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा?

रस्त्यावर श्रमिकांचा आधार असलेली ‘बेस्ट’ एकेकाळी चार हजारांहून अधिक गाड्या चालवीत असे. 2025 मध्ये ही संख्या तीन हजारांच्या खाली आली होती, आणि त्यांतही बहुतेक गाड्या कंत्राटदारांच्या. त्याच वर्षी मे महिन्यात किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. 2022 पासून महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे घरकाम करणाऱ्या बाईचे भाडे दुप्पट झाले तेव्हा तिच्या वतीने सभागृहात उभे राहून जाब विचारणारा नगरसेवकच नव्हता.

ऑक्टोबर 2025 मध्ये अकरा वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र देणारे ‘मुंबई वन’ अ‍ॅप सुरू झाले. सोय स्वागतार्ह आहे, पण थांब्यावर बसच आली नाही तर मोबाइलवरील तिकिटाचा उपयोग काय? आणि ज्याच्यापाशी तसा मोबाइल नाही, त्याच्यासाठी कंडक्टर व तिकीट खिडकी राहिलीच पाहिजे.

हा प्रदेश नऊ महापालिकांत विभागलेला आहे, तर नियोजनाची सूत्रे 1975 साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाकडे. ते थेट मतदारांना उत्तरदायी नाही. त्यात प्रवाशांच्या हालचालींची माहिती कंत्राटदारांच्या हाती गेली, तर जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या ज्ञानावर खासगी मालकी प्रस्थापित होईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डांत, प्रवासी संघटनांत आणि कामगार संघटनांत चार मागण्या लावून धरल्या पाहिजेत. सिग्नलचे गणित वाहनांवर नव्हे, माणसांवर बेतावे व बसला चौकात प्रथम वाट द्यावी. पादचाऱ्याला रस्ता ओलांडण्यास पुरेसा वेळ राखून ठेवावा. यंत्रणेवरील खर्चाआधी सार्वजनिक मालकीच्या बसगाड्यांची तरतूद व्हावी. आणि गोळा होणारी माहिती, व्यक्तीची ओळख वगळून, सर्वांना खुली असावी. पहाटे कल्याणहून उभ्याने निघालेला कामगार ज्या प्रणालीला दिसत नाही, तिला बुद्धिमान म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.