‘आता ते गाणे राहिले नाही’

रक्तदाब मोजून झाल्यावर मी सहज विचारले, "काका, यंदा देवगंधर्वला जाणार ना?"

"नाही डॉक्टर. आता ते गाणं राहिलं नाही."

हे काका सत्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले, डोंबिवलीचे जुने रहिवासी. कल्याण गायन समाज ही १९२६ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या देवगंधर्व महोत्सवात त्यांची खुर्ची सहसा रिकामी राहत नसे. ठाण्याला पं. राम मराठे यांच्या नावाने होणाऱ्या महोत्सवालाही ते लोकलने जात आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन मला कालच्या मारव्याचा वृत्तांत देत. गेली दोन वर्षे मात्र माझ्या प्रश्नाला त्यांचे हेच उत्तर होते. मीही मान डोलावून पुढच्या रुग्णाला आत बोलावत असे.

यंदा त्यांची सून सोबत होती. ती म्हणाली, "डॉक्टर, बाबा रोज रात्री यूट्यूबवर याच तरुण गायकांना तर ऐकत असतात!"

म्हणजे बिघडले होते ते गाणे नव्हे. सुनेला बाहेर बसवून मी त्यांना पुन्हा विचारले. बऱ्याच वेळाने ते बोलले. दोन वर्षांपूर्वी विलंबित ख्याल रंगात असताना त्यांना लघवीची घाई झाली. जागा रांगेच्या मधोमध. अंधारात सात-आठ जणांचे गुडघे ओलांडून, पायऱ्या चाचपडत ते बाहेर पडले, पण वेळेत पोहोचू शकले नाहीत. तसेच रिक्षाने घरी आले. मुलालाही त्यांनी हे कधी सांगितले नाही.

मी त्यांची जुनी फाइल उघडली. पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी, सकाळी एक आणि दुपारी चारला एक. खाली सही माझीच. ही गोळी तासाभरात काम सुरू करते आणि पुढचे काही तास तिचा जोर टिकतो. मैफल असे संध्याकाळी पाचला. काकांचे गाणे मीच बंद केले होते आणि दोन वर्षे त्यांच्याबरोबर काळाला दोष देत बसलो होतो.

वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठ मंडळी ‘आता मैफलीत राम नाही’ म्हणू लागली, की आपण ते आवडीनिवडीचे वाक्य समजतो. माझा अनुभव असा, की पुष्कळदा ते शरीराचे गाऱ्हाणे असते. ते उघड सांगण्याची लाज वाटते, म्हणून गाण्यावर ढकलले जाते.

कानांचेच पाहा. वाढत्या वयात आतल्या कानातील सूक्ष्म पेशी झिजतात आणि प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. स, श, त, फ ही व्यंजने याच पट्ट्यातील. स्वर ऐकू येतो, शब्द मात्र पुसट होतात. मग ‘हल्लीचे गायक शब्द खातात’ अशी तक्रार सुरू होते. याच कानांची दुसरी खोड अशी, की हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम असह्य होतो. घरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. प्रत्यक्षात तो झिजलेल्या कानाचा धर्म आहे.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांची अडचण निराळी. ही यंत्रे मुख्यतः बोलणे कळावे म्हणून जुळवलेली असतात. शिट्टी रोखण्याची त्यांतील सोय बासरीचा किंवा तानपुऱ्याचा दीर्घ सूर हीच शिट्टी समजते आणि तो दाबू पाहते, त्यामुळे सूर थरथरतो. ऑडिओलॉजिस्टकडून संगीतासाठी वेगळी मांडणी करून घेता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ज्येष्ठांच्या सगळ्याच तक्रारी वयाच्या खात्यावर मांडणे मात्र अन्यायाचे होईल. स्पीकरच्या भिंतींसमोर तरुण कानांनाही इजा होते. कार्यक्रमस्थळी आवाजाची सरासरी पंधरा मिनिटांच्या मोजणीत १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सुचवले आहे. रात्रभराच्या मैफलीही आता दुर्मीळ झाल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक सहसा लावता येत नाही. त्यामुळे मालकंसानंतर पहाटेच्या ललतची वाट पाहणे संपले, ही हळहळ खरी आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या देहाला दहाला संपणारी मैफल सोयीचीच, हेही तितकेच खरे.

तेव्हा काही व्यावहारिक सूचना. तिकीट काढताना रांगेच्या टोकाची खुर्ची मागावी. शक्यतो खालच्या मजल्यावर, सभागृहाच्या मध्यावर आणि स्पीकरपासून दूर. लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी गाळू नये आणि दिवसभर पाणी तोडू नये. सकाळच्या मैफलीला किंवा दिवाळी पहाटेला जातानाही सकाळच्या गोळीबाबत हाच प्रश्न विचारावा. पुरुषांना वारंवार किंवा अडखळत लघवी होत असेल, तर प्रोस्टेटची तपासणी करून घ्यावी. खोकताना वा हसताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांना व्यायामाने बराच आराम पडतो. ‘वयच झालं’ म्हणून गप्प बसू नये. मधुमेहींनी जेवणाची वेळ टळणार हे धरून खिशात बिस्किटे ठेवावीत. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायऱ्या फसव्या दिसतात; उतरताना कठडा धरावा आणि दिवे लागल्यावरच उठावे. आवाज फार वाटल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे वापरावेत. साध्या कापसाचा फारसा उपयोग होत नाही. आणि परतीची रिक्षा कोण आणणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

काकांची दुपारची गोळी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही सकाळच्या मात्रेत बसवली, वजनावर आणि सुजेवर लक्ष ठेवले. कानांची तपासणी झाली. सुनेने टोकाची खुर्ची मिळवली. तरीही ते निघेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, शेजारी ती बसायची. समेवर हलकेच माझ्या मनगटावर बोट टेकवायची."

काकूंना जाऊन तीन वर्षे झाली होती. यावर माझ्याकडे औषध नव्हते. मी एवढेच विचारले, "सूनबाईंना चालेल का?" त्या दिवशी ती गेली. तिला गाण्यातले कळत नाही, असे ती आधीच सांगून मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात आले, आजारी नसताना. तक्रार तयार होतीच: तबला फार मोठा लावला होता. मग तिथेच बसून त्यांनी मला बागेश्री सविस्तर सांगितली. बाहेर चार रुग्ण खोळंबले होते; या वेळी मी घाई केली नाही.

आपल्या घरी कोणी मैफलीला जाणे सोडले असेल, तर एकदा एकांतात कारण विचारा. पहिल्या उत्तरावर थांबू नका. मी थांबलो होतो.