बैलाआधी गोठा



हंगाम संपून गव्हाण थांबली की कारखान्याच्या आवारात दुसरीच धामधूम सुरू होते. जुनी यंत्रे उघडली जातात, नवी येऊ लागतात. विस्तारवाढीचे काम निघाले असेल तर ट्रेलरमागून ट्रेलर दारात उभे राहतात. बॉयलरचे पंखे, ब्लोअर, मोठाल्या मोटारी, हवा खेळवणारे पत्र्याचे नळे, छतावर बसवायचे व्हेंटिलेटर असा माल उतरतो. नारळ फुटतो, हार पडतो, पेढे वाटले जातात. पुढचे चार-सहा महिने हा माल कुठे पडला आहे, त्याच्याकडे कोण बघते, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. त्या चार-सहा महिन्यांकडे आम्ही सभासदांचे लक्ष वेधू इच्छितो.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. शेतकरी बाजारातून बैल आणतो तेव्हा गोठा, दावे, वैरण यांची सोय आधी लावतो. लाखोंचे यंत्र आणताना ही रीत आपण का विसरतो?

कोणी म्हणेल, "अहो, लोखंडच ते! चार महिने बाहेर राहिलं म्हणून त्याला काय होतंय?" नेमका हाच समज आपल्याला महागात पडतो.

पंखा थांबला की कारखाना थांबला

बॉयलरखाली बगॅस जळायचा तर हवा आत ढकलणारा पंखा लागतो आणि धूर चिमणीकडे ओढून नेणारा पंखा लागतो. या दुसऱ्याला आय. डी. फॅन म्हणतात. तो बंद पडला की आग विझवावी लागते, वाफ तुटते, टर्बाइन थांबते आणि रोलर जागेवर उभे राहतात. वाफ-वीज सगळी एकाच बॉयलरवर असेल तर एका बेअरिंगपायी सारा कारखाना अडतो.

एकेकाळी दिवसाला १२५० टन गाळणारा कारखाना हे प्रमाण होते. पुढे २५०० टनांचे आले. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, पाणी वाढले, ऊस वाढला, आणि आज ५००० टन व त्याहून मोठे कारखाने जिल्ह्यात आहेत. यंत्र मोठे झाले तसा खोळंबाही मोठा झाला. समजा, ५००० टनांचा कारखाना बारा तास थांबला. अडीच हजार टन ऊस तसाच राहिला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यानंतर ऊस वाळतो आणि त्यातली साखरही मोडू लागते. काट्यावर जाण्याआधी वाळला तर नुकसान सभासदाचे. काट्यानंतर वाळला तर कारखान्याचे, म्हणजे फिरून सभासदाचेच.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ. आर. पी. ठरवली आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्याला ०.१ टक्क्याचा फरक ३४६० रुपयांचा पडतो. एका दिवसाच्या खोळंब्याने साऱ्या हंगामाचा उतारा इतका घसरत नाही, हे खरे. पण असे दिवस साठत जातात, आणि त्यांची बेरीज शेवटी आपल्याच बिलात दिसते.

दुसरे पंखे कामगारांसाठी असतात. पॅनच्या मजल्यावरची उष्णता, गंधकाच्या भट्टीजवळचा उग्र वायू, यात आठ तास उभे राहणारा माणूसही आपल्याच गावचा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हवा खेळती ठेवण्यासाठी १३ वे कलम खास होते. आता त्या जागी नवी कामगार संहिता आली असली तरी माणसाला लागणारी हवा काही बदललेली नाही. छतावरचे व्हेंटिलेटर कोपऱ्यात गंजत पडले, तर त्याची झळ या माणसालाच लागते.

आवारात पडून काय होते?

आपल्या सोलापूरच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. मग वळवाची सर येते, सोबत वावटळ आणि धूळ. खरा पाऊस सप्टेंबरात. नेमका हाच काळ नव्या मालाचा उघड्यावर पडून राहण्याचा असतो. त्यात आवारात बगॅसचा भुसा आणि राख उडत असते. ती लोखंडावर बसते, ओल धरून ठेवते, आणि खाली गंज चढत राहतो.

विहिरीवरची मोटार पावसाळाभर बंद ठेवून एकदम चालू केली की जळते, हा अनुभव घरोघरी आहे. कारखान्याच्या मोटारीचेही तसेच आहे. वाइंडिंगने ओल धरली असेल आणि न तपासता बटण दाबले, तर रिवाइंडिंगची पाळी येते, तीही ऐन हंगामाच्या तोंडावर.

बेअरिंगची गोष्ट याहून फसवी आहे. पंखा महिनोन् महिने एकाच स्थितीत राहिला की शाफ्टचे सगळे वजन खालच्या त्याच दोन-चार रोलरवर पडते. शेजारून ट्रॅक्टर आणि क्रेन जातात, जमीन हादरते. त्या बारीक हादऱ्यांनी मधले ग्रीस बाजूला सरते आणि लोखंडावर लोखंड घासून खळगे पडतात. बाहेरून काही दिसत नाही. पंखा सुरू झाला की घरघर ऐकू येते, आणि नवे कोरे बेअरिंग महिन्या-दोन महिन्यांत संपते.

तोंड उघडे राहिलेल्या पंख्यात कुंभारमाशी मातीचे घर करते, उंदीर घुसतात, धूळ थापली जाते. "एवढ्याशा मातीनं काय होतंय?" तर हिशेब बघा. एक मीटर त्रिज्येचे, मिनिटाला हजार फेरे घेणारे चाक आहे. त्याच्या कडेला एकाच जागी फक्त १०० ग्रॅम माती चिकटली, तर फिरताना ती सुमारे ११० किलो वजनाइतकी ओढ लावते. ओढीची दिशा दर फेऱ्यात फिरत राहते. असा पंखा पायाचे बोल्ट सैल करतो आणि बेअरिंग खातो.

जस्ताचा पत्रा गंजत नाही, ही समजूतही अर्धीच खरी. हवेच्या नळ्यांचे ओले पत्रे एकावर एक दडपून ठेवले की मधे पांढरी भुकटी धरते आणि वरचे जस्त निघून जाते. व्ही-बेल्टचे पट्टे उन्हात ठेवले तर वर्षाच्या आत चिरा पडतात. ठिबकच्या नळ्या उन्हात टाकून ठेवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

उतरवून घेताना

माल दारात येतो तेव्हा ट्रकवाला घाईत असतो. दुसरी खेप गाठायची असते. "सही करा साहेब, नंतर बघा," असे तो म्हणतो आणि आपला माणूस बिल्टीवर सही करून मोकळा होतो. आमचे स्पष्ट मत आहे की ही सही हजार रुपयांच्या चेकवरच्या सहीपेक्षा जास्त जपून करावी. पेटी फुटली असेल, ताडपत्री फाटून पाणी गेले असेल, पाते वाकले असेल, तर ते बिल्टीवर लिहूनच सही करावी. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. माल ट्रकवर असतानाच चारही बाजूंनी फोटो घ्यावेत.

२००७ च्या रस्ते वाहतूक अधिनियमाचे १६ वे कलम असे सांगते की वाहतूकदारावर दावा करायचा तर नुकसानीची लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. फेब्रुवारीत बुक झालेली पेटी ऑक्टोबरात उघडली आणि आत मोडतोड निघाली, तर हा दरवाजा तेव्हा बंद झालेला असतो. पुरवठादाराचेही तेच. १९३० च्या वस्तू विक्री अधिनियमाप्रमाणे वाजवी मुदत उलटेपर्यंत माल मुकाट्याने ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. म्हणून आठवड्याच्या आत प्रत्येक पेटी उघडावी, यादीशी ताडून पाहावी, नेमप्लेटवरचे किलोवॅट, फेरे, पंख्याची डावी-उजवी बाजू ऑर्डरशी जुळते का ते बघावे, आणि पेटी पुन्हा नीट बंद करावी.

क्रेनचा दोर कोठे बांधायचा, हेही उतरवण्याआधी बघावे. उचलण्यासाठी कड्या दिलेल्या असतात. शाफ्टला किंवा चाकाला दोर घालून उचलले की पहिल्याच दिवशी यंत्र बिघडते.

सांभाळताना

यासाठी परदेशी तज्ज्ञ आणायची गरज नाही. आपला फिटर, वायरमन आणि स्टोअरकीपर एवढे पुरेत. मोटारी, बेअरिंग, पट्टे आणि विजेचे पॅनेल छपराखाली, कोरड्या जागी हवेत. मोठे सांगाडे बाहेर राहिले तरी चालतील, पण लाकडी स्लीपरवर, जमिनीपासून वर, आणि ट्रॅक्टरच्या रस्त्यापासून लांब. ताडपत्री घालावी, पण खालून हवा खेळू द्यावी. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळले तर दिवसा तापलेली हवा रात्री गार होऊन आतच पाणी सुटते. पंख्याच्या पोटातले पाणी जायचे भोक उघडे ठेवावे. बाकीची तोंडे झाकावीत.

उघड्या शाफ्टला गंजरोधक लेप द्यावा. बेअरिंगचे घर ग्रीसने भरून ठेवावे, आणि चालू करण्याआधी जादा ग्रीस काढायला विसरू नये. निदान महिन्यातून एकदा शाफ्ट हाताने काही फेरे फिरवावा आणि आधीच्या जागेपेक्षा पाव फेरा पुढे थांबवावा. मोटारीला आतले हीटर असतील तर त्यांना वीज जोडून द्यावी. मेगर लावून इन्सुलेशन मोजावे, आकडा वहीत लिहावा. आकडा महिन्यामागून महिना घसरत असेल तर मोटार ओल धरते आहे, हे वेळेवर कळेल. पुरवठादाराच्या पुस्तकात काही जास्त सांगितले असेल तर ते पाळावे. नाहीतर हमीच्या वेळी तो तेच पान उघडून दाखवतो.

हमीचा हिशेब

पुरवठ्याच्या करारात बहुधा एक वाक्य असते: हमी चालू केल्यापासून १२ महिने किंवा रवाना केल्यापासून १८ महिने, यातले जे आधी संपेल ते. आता विचार करा. पंखा फेब्रुवारीत निघाला, बांधकाम रेंगाळले, त्या वर्षीचा हंगाम चुकला. पुढच्या ऑगस्टात १८ महिने भरतात. पंखा नोव्हेंबरात पहिल्यांदा फिरतो तेव्हा त्याची हमी केव्हाच संपलेली असते!

व्याजाचेही तसेच. पन्नास लाखांचा माल सहा महिने पडून राहिला आणि कर्ज १२ टक्क्यांचे असेल, तर तीन लाख रुपये नुसत्या पडून राहण्याचे गेले. एक बरी शेड आणि वर्षभराची देखभाल त्यात भागते. शिवाय माल आवारात पोचला की वाहतुकीचा विमा फार दिवस साथ देत नाही. साठवण आणि उभारणीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो माल येण्याआधी घ्यावा लागतो.

व्यवस्थापनाची बाजूही आम्हाला माहीत आहे. मार्चअखेर कर्ज उचलावे लागते. उशिरा ऑर्डर दिली तर पुरवठादार दिवाळीपर्यंत माल देत नाही. एकदम घेतला तर भाव कमी मिळतो. हे सर्व खरे आहे. पण ऑर्डर लवकर देऊन माल टप्प्याटप्प्याने, पाया तयार होईल तसा मागवता येतो, आणि तशी अट करारात घालता येते. पुरवठादाराने तयार माल काही महिने आपल्याच गोदामात ठेवावा, हेही आधी बोलून ठरवता येते. माल लवकर आणणे अटळच असेल, तर त्याला सांभाळण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी धरावा. आज हा खर्च कोणाच्याच खात्यात नसतो. खरेदी विभाग म्हणतो, माल आला, आमचे काम झाले. स्टोअर म्हणते, एवढी धुडे आमच्याकडे मावत नाहीत. इंजिनिअरिंग म्हणते, बसवायला द्याल तेव्हा बघू. तीन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी त्या पंख्याची गत होते.

आमच्या सूचना

१. दारापासून पायापर्यंत प्रत्येक यंत्राला एक जबाबदार माणूस नेमावा आणि त्याचे नाव यंत्रावर पाटी लावून लिहावे.

२. प्रत्येक मोठ्या यंत्राची वही ठेवावी: आल्याची तारीख, फोटो, शाफ्ट फिरवल्याच्या तारखा, मेगरचा आकडा, हमी संपण्याची तारीख.

३. छपराची जागा तयार झाल्याचा दाखला असल्याशिवाय माल पाठवण्याचा हिरवा कंदील देऊ नये.

४. दोन संचालक आणि दोन सभासद यांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा आवारात फेरी मारून वही तपासावी.

५. न बसवलेल्या मालाची किंमत आणि तो किती दिवस पडून आहे, याचा तक्ता वार्षिक अहवालात छापावा.

वार्षिक सभेत आपण भाव विचारतो, साखरेची पोती विचारतो, कर्जाचे आकडे विचारतो. ते विचारलेच पाहिजे. त्यासोबत यंदा आणखी एक प्रश्न विचारावा: "आणलेलं यंत्र कुठं आहे, आणि शेवटचं कोणी कधी फिरवलं?" हा प्रश्न कोणाला अडचणीत आणण्यासाठी नाही. सभासदांच्या शेअर रकमेतून आणि ऊस बिलातल्या कपातीतून ही यंत्रे उभी राहतात. आपल्या दावणीच्या बैलाची चौकशी करायला शेतकऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. संचालक मंडळाने या सूचनांचा येत्या पावसाळ्याआधी विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.