कोड तुमचा की सीनियरचा?

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशीची किनवटमधली संध्याकाळ आठवा. झेरॉक्सच्या दुकानात गर्दी. पेनड्राइव्हमध्ये सीनियरची फाइल. नाव आणि सीट नंबर बदलायचा, स्पायरल मारायचं, झाला प्रोजेक्ट! तीच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' दरवर्षी नव्याने जन्माला येते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि मग तर सीनियरचीही गरज उरली नाही.

पण हे नियमात बसतं का?

प्लेजरिझम म्हटलं की सगळे यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीकडे बोट दाखवतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या. ४० ते ६० ला वर्षभर थांबा. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. ऐकून घाम फुटतो. पण नियमावली नीट वाचा. ती पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी, शोधनिबंधांसाठी आहे. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका तिच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. म्हणजे तुमच्या बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या प्रोजेक्टला ही टक्केवारी थेट लागू होत नाही.

म्हणून रान मोकळं झालं असं समजू नका. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी राज्याचा १९८२ चा कायदा आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही चौकशीची तरतूद आहे. अडचण एवढीच, की कॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षेचा हॉल येतो: चिठ्ठी, मोबाइल, डमी विद्यार्थी. घरी बसून लिहिलेल्या कोडमध्ये मित्राची किती मदत चालेल, एआयची किती, हे बहुतेक वेळा सर किंवा मॅडम वर्गात तोंडी सांगतात. तोंडी नियम माणसागणिक बदलतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची कॉलेजं नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांत पसरलेली. तुमच्या सरांना जे चाललं, ते बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलला चालेलच असं नाही. आणि मार्क तर तुमचे जातात.

मग चोरी पकडायची कशी? आपलं विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, १९९४ मध्ये, अ‍ॅलेक्स एकेन यांनी 'मॉस' नावाची प्रणाली तयार केली. आज ती स्टॅनफर्डमधून चालते. ती कोडची रचना तपासते, त्यामुळे व्हेरिएबलची नावं बदलली, कमेंट उडवल्या तरी साम्य सापडतं. पण बबल सॉर्ट सगळे जवळपास सारखाच लिहिणार. म्हणून मॉस फक्त साम्य दाखवतं, चोरी झाली की नाही हे माणसालाच ठरवावं लागतं.

एआयचं लेखन ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट याहून नाजूक. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी एआयने लिहिलेले ठरवले. लिहिले होते माणसांनीच! आता किनवटचा विचार करा. घरी गोंडी, बंजारा, तेलुगू किंवा मराठी बोलणारा मुलगा साध्या-सरळ इंग्रजीत रिपोर्ट लिहितो. केवळ मशीन म्हणालं म्हणून त्याला शून्य द्यायचं? फसवणूक थांबवायच्या नादात प्रामाणिक पोरगं भरडलं जाऊ नये.

तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली, सत्राच्या सुरुवातीलाच विचारा: एआय चालेल का, कितपत, आणि वापरलं तर कुठे लिहायचं? उत्तर लेखी मागा. यात उद्धटपणा नाही, तो तुमचा हक्क आहे. दुसरी, स्वतःचे पुरावे ठेवा. कोडच्या जुन्या आवृत्त्या, एररचे स्क्रीनशॉट, वहीतले फ्लोचार्ट. गिट जमत असेल तर उत्तमच. कुणाचा कोड घेतला असेल तर रिपोर्टमध्ये सरळ नाव द्या. उद्या कुणी बोट दाखवलं तर हेच कामी येईल.

कॉलेजांनीही बाइंडिंगपेक्षा व्हायवाला जास्त मार्क द्यावेत. 'ही ओळ काढली तर काय होईल?' एवढा एक प्रश्न पुरतो. ज्याने कोड लिहिला, किंवा एआयकडून घेऊन का होईना नीट समजून घेतला, तो उत्तर देतो. बाकीचे छताकडे बघतात.

नांदेडच्या पुढे पुण्या-हैदराबादला नोकरीच्या मुलाखतीला जाल, तेव्हाही हाच प्रश्न येणार आहे. तिथे सीनियरची फाइल सोबत नसेल.