काटा कोणाच्या हाती?

मार्चच्या अखेरच्या रविवारी युरोपातील बहुतेक देशांची घड्याळे एक तास पुढे होतात आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी ती पुन्हा मागे घेतली जातात. हा परिपाठ मोडीत काढावा, अशी मागणी तेथील जनता करीत आहे. २०१८ साली युरोपीय आयोगाने लोकांचे मत अजमावले, तेव्हा सेहेचाळीस लाख उत्तरे आली आणि त्यांपैकी ८४ टक्के या पद्धतीच्या विरोधात होती. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने २०२१ पर्यंत ती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. मुदत उलटून गेली; सरकारांचे मात्र एकमत झाले नाही. भारतात उन्हाळी वेळेची पद्धत नाही. तथापि घड्याळ हलवण्याच्या योजना येथेही अधूनमधून डोके वर काढतात. कोणी सबंध देशाची प्रमाणवेळ अर्धा तास पुढे न्यावी म्हणतो, कोणी देशाचे दोन कालविभाग करावेत म्हणतो. विजेची बचत हा सर्वांचा समान युक्तिवाद. ज्याच्या दिवसाची अशी फेरमांडणी व्हायची, त्या श्रमिकाला मात्र या चर्चेत कोणी काही विचारलेले दिसत नाही.

उन्हाळी वेळेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. विल्यम विलेट या इंग्रज गृहबांधणी व्यावसायिकाने १९०७ साली पत्रक काढून सकाळचा वाया जाणारा उजेड वाचवण्याची कल्पना मांडली. ब्रिटिश संसदेने ती अनेकदा फेटाळली आणि १९१५ मध्ये विलेट निवर्तला. दुसऱ्याच वर्षी ती अमलात आली ती युद्धासाठी कोळसा वाचवावा म्हणून. ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने घड्याळे पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तोच मार्ग धरला. अमेरिकेने १९१८ मध्ये हा कायदा केला. परंतु गोठ्यातील गाय आणि शेतावरचे दव सरकारी घड्याळ जाणत नाहीत, हे शेतकऱ्यांनी एवढ्या जोराने सांगितले की, अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून १९१९ मध्ये तो रद्द करावा लागला. भारतातही १९४२ ते १९४५ या काळात साम्राज्याच्या युद्धासाठी घड्याळ तासभर पुढे होते. त्यासाठी भारतीय जनतेची संमती घेण्याचा प्रश्न त्या राजवटीपुढे आलाच नाही.

बचतीचा दावाही तपासून घेतला पाहिजे. १९७४ च्या जानेवारीत, तेलटंचाईच्या काळात, अमेरिकेने वर्षभर उन्हाळी वेळ लागू केली. भर हिवाळ्यात मुले काळोखात शाळेला निघू लागली, पालक संतापले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कायदा बदलावा लागला. इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही पद्धत सर्व जिल्ह्यांत लागू केली. तेव्हाच्या घरगुती वीजबिलांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात विजेचा वापर सुमारे एक टक्का वाढल्याचेच आढळले. दिव्यांवरचा खर्च घटला, परंतु उन्हात घरी परतलेल्या माणसांच्या वातानुकूलन यंत्रांनी तो भरून काढला. शिवाय लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा व सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी. मुंबईत हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. जेथे उन्हाळ्याचा जादा उजेडच थोडका, तेथे ऋतूनुसार काटे हलवून वाचवायचे ते काय?

प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी, ही सूचना बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील संशोधकांची आहे. संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळी दिवे उशिरा लागतील आणि वर्षाला सुमारे २७० कोटी युनिट वीज वाचेल, असा त्यांचा हिशेब आहे. सूचना प्रामाणिक आहे. परंतु हिशेबाच्या वहीत विजेची जमा मांडताना झोपेचा खर्च मांडलेला नाही. जानेवारीत मुंबईला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तो पावणेआठला उगवेल. कसारा-कर्जतहून पहाटेची लोकल पकडणारा कामगार, चार घरची कामे करणारी मोलकरीण, शहराचे रस्ते झाडणारा सफाई कामगार यांना आजच अंधारात उठावे लागते. त्यांची पहाट आणखी अर्ध्या तासाने अलीकडे ओढली जाईल. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी २०१९ मध्ये मांडलेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. एकाच घड्याळाखाली जेथे सूर्य उशिरा मावळतो, तेथील मुले उशिरा झोपतात, शाळेसाठी मात्र ठरल्या वेळीच उठतात. त्यांची झोप कमी होते, शिक्षण मागे पडते आणि ही हानी गरीब घरांत अधिक होते, असे त्यात दिसून आले. एका खोलीत पाच माणसे निजणाऱ्या घराला उजेड व उकाडा बाहेर ठेवण्याची साधने परवडत नाहीत, हे समजायला अर्थशास्त्रही लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तेव्हा शाळेची वेळ बदलली. देशाचे घड्याळ हलवावे लागले नाही.

या प्रश्नावर मुंबईच्या कामगाराने शंभर वर्षांपूर्वीच आपले मत नोंदवले आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. त्याच आठवड्यात काही हजार गिरणी कामगारांनी माग बंद ठेवून दगडफेक केली. हा कामगार अडाणी होता, म्हणून घड्याळावर चिडला, असे मानणे चुकीचे ठरेल. गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच आले होते आणि त्यांच्या उजेडात चौदा-पंधरा तास राबवून घेण्याची प्रथा पडू लागली होती. चाळीतल्या कामगाराजवळ स्वतःचे घड्याळ नव्हते. त्याच्यासाठी वेळ म्हणजे गिरणीचा भोंगा, आणि भोंगा मालकाच्या हाती. अशा स्थितीत सूर्यावरून ठरणारी वेळही हातची जात असेल, तर त्याने संशय घेतला यात नवल नव्हते. शहरातील पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनीही या बदलाविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. फिरोजशहा मेहता यांनी विरोध केला आणि महापालिकेने १९५५ पर्यंत मुंबईची जुनी वेळ सोडली नाही.

ईशान्य भारताची तक्रार मात्र याच न्यायाने खरी मानली पाहिजे. देशाच्या पूर्व व पश्चिम टोकांच्या सूर्योदयांत सुमारे दोन तासांचे अंतर आहे. अरुणाचलात जूनमध्ये पहाटे चारच्या सुमारास उजाडते; डिसेंबरात गुवाहाटीला दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तरुण गोगोई यांनी २०१४ मध्ये व पेमा खांडू यांनी २०१७ मध्ये वेगळ्या वेळेची मागणी केली. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन कालविभागांचा आराखडा मांडला. दिल्लीने या मागणीकडे राष्ट्रीय ऐक्याला धोका म्हणून पाहणे गैर आहे. उलट जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात सरकारी व व्यापारी व्यवहारांत प्रमाणवेळेखेरीज अन्य वेळेला मनाई सुचवली होती. एकता ही घड्याळाच्या काट्यावर टांगलेली वस्तू नव्हे.

परंतु वेगळी वेळ मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असेही नाही. आसामच्या चहामळ्यांत ब्रिटिश काळापासून ‘बागान वेळ’ चालत आली आहे. ती प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असते. १९५१ च्या मळे कामगार कायद्यानेही राज्यांना स्थानिक वेळ ठरवण्याची मुभा दिली होती. मळ्यातील घड्याळ पुढे गेले, मजुरी मात्र गेली नाही. केरळ-तामिळनाडूच्या तुलनेत तेथील रोज वर्षानुवर्षे कमीच राहिला.

म्हणून काटा कोठे असावा यापेक्षा कामाचा दिवस किती लांब असावा, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुष कामगारावर बारा तासांची मर्यादा घातली. पुढे लढून ती आणखी खाली आणली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून पुन्हा बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा कायम आहे व जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. पण कंत्राटी कामगाराच्या संमतीची किंमत काय असते, हे कारखान्याच्या फाटकावर उभे राहणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला ठाऊक आहे. काटा न हलवताच कामगाराचा दिवस तीन तासांनी लांबवण्याची सोय झाली, आणि त्यावर घड्याळाच्या अर्ध्या तासाइतकीही चर्चा झाली नाही.

समाजवादी चळवळीची भूमिका त्यामुळे स्पष्ट असली पाहिजे. सबंध देशावर नवी वेळ लादण्यास विरोध. ईशान्येच्या जनतेला आपली वेळ ठरवण्याचा अधिकार. शाळा व कचेऱ्यांच्या वेळा स्थानिक उजेडाप्रमाणे ठरवण्याची मोकळीक. आणि सर्वत्र आठ तासांच्या दिवसाचे निष्ठेने रक्षण. फाटकावरच्या सभेत घड्याळाचा विषय निघाला, तर कार्यकर्त्यांनी तो टाळू नये. तेथूनच बारा तासांच्या विषयाला हात घालावा. सूर्य कोणाच्याच मालकीचा नाही. परंतु तो मावळल्यानंतर कामगार घरी असेल की यंत्रापुढे, हे ज्याच्या त्याच्या संघटित शक्तीवरच ठरणार आहे.