सोन्याला छाप, मण्यांना काय?

तुळशीबागेत काळी पोत ओवून घेताना पदर किती, लांबी किती आणि ओवणावळ किती, यावर रीतसर घासाघीस होते. वाट्यांचं सोनं सराफाकडे आधीच पारखून झालेलं असतं. २०२१ पासून पुण्यात सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा आहे. मणी मात्र लडींनी येतात आणि लडींनी जातात. ते कुठे झाले हे दुकानदार सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. वास्तविक सोन्याची ऐपत नसली तरी नुसती पोत चालते. काळ्या मण्यांवाचून मंगळसूत्र होत नाही.

काचमण्यांची आपल्याकडची गावं म्हणजे उत्तर प्रदेशातलं पुरदिलपूर, वाराणसी आणि आंध्रातलं, तिरुपतीजवळचं पापानायडुपेटा. पापानायडुपेट्यात अजूनही भट्टीच्या तोंडातून वितळलेल्या काचेची पोकळ नळी हातानं ओढतात. हात भरभर चालला की नळी बारीक, रेंगाळला की जाड. मग तिचे बारीक तुकडे पाडायचे, भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत राख भरायची आणि पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. दोन हजार वर्षांपूर्वी पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला मणी होत ते याच रीतीनं. इतकं करून मणी बाजारात आला की आपण तो बोटांत फिरवतो, ‘एकसारखे नाहीत हो’ म्हणतो आणि यंत्रावर पैलू पाडलेली लड मागतो. जी हाताची खूण, तीच आपल्या लेखी खोट! हातमागाच्या साडीतली गाठ कौतुकानं दाखवणाऱ्यांचंही इथे तेच.

काच हा विषय आपल्याला परका आहे असंही नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा काचेच्या बांगड्या आणि मणी निघाले. पुढे दीक्षितांनी भारतीय काचेचा सबंध इतिहासच लिहिला. आणि पुण्यापासून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर, तळेगावात, अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. जपानात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे पोरांना काचकाम शिकवत. एकेक पैसा मागून लोकांनी ही विद्या उभी केली होती.

आज वर्गणी कुणी मागत नाही. बुधवार पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मण्यांच्या लडीला एक चिठ्ठी बांधावी: गाव कोणतं, मणी हाताचा की यंत्राचा. छापायला फार तर काही पैसे पडतील. आणि गिऱ्हाइकानं हाताच्या मण्याला दोन रुपये जास्त मोजायला कुरकुर करू नये. घडणावळ म्हणून सराफाला आपण त्याहून कितीतरी जास्त निमूटपणे देतोच.